मागच्या पायरीवरचं नाव

सॉल्टर क्रीक
बुधवार, २ ऑक्टोबर १९३५

प्रिय ल्युएलाआत्या,

तुझ्या बाईसाहेबांनी काल माझ्या शाळेत बसून चरबी लावलेला पाव खाल्ला. आधी हे लिहून टाकते, म्हणजे बाकीचं शांतपणे सांगता येईल.

गव्हर्नरची बायको, राज्याची प्रथम महिला, म्हणजे मागेपुढे चार मोटारी आणि हातात फुलं असं मला वाटलं होतं. आली एकच गाडी, धुळीने माखलेली. त्यातून मिसेस फेअरबर्न उतरल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "हात धुवायला पाणी मिळेल का?" मुलं जेवायला बसली होती. त्या बाकाच्या कडेला बसल्या. आमच्या छोट्या हेझलने आपला अर्धा पाव पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि चवीने संपवला. मग माझ्याशी बोलल्या. एकाच खोलीत आठ इयत्ता कशा शिकवता, मोठी मुलं कापणीच्या दिवसांत येतात का, या वर्षी किती घरं गाव सोडून पश्चिमेला गेली. उत्तर ऐकताना मान हलवत नाहीत त्या, नुसत्या बघतात. मला वाटलं, या बाईला खरंच ऐकायचं आहे.

शाळा मंडळाचे अध्यक्ष मिस्टर स्ट्राउड बातमी कळताच धान्याच्या कोठीवरून धावत आले. टाय उलटा होता. त्यांनी बाईंना आमचा नवा स्टोव्ह दाखवला, दार उघडून दाखवला, बंद करून दाखवला, पुन्हा उघडून दाखवला.

आता मुद्दा. त्यांच्या "मागच्या पायरीवरून" या सदरात हे येणार का? ते सदर टाइप तूच करतेस, तेव्हा तुला ठाऊक असणार. येणार असेल तर माझ्या नावाचं स्पेलिंग नीट बघ. आणि आत्या, नाव टिस्डेल. मिस विल्मा टिस्डेल. तुला सांगायची गरज नाही, पण कालपासून मी घाबरलेली आहे. माझ्या करारात काय लिहिलंय ते तू वाचलं आहेस. शिक्षिकेने लग्न केलं की नोकरी त्याच दिवशी संपली. आणि मी मिसेस हॉवलंड आहे हे या जगात तीनच माणसांना माहीत आहे. मी, आर्नी आणि तू.

आर्नी बेलफोर्टलाच आहे, आईवडिलांकडे. दुष्काळात गायी आटल्या, म्हणून लोण्याच्या कारखान्यात काम आठवड्यातून तीनच दिवस. दर गुरुवारी संध्याकाळी तो इथे एकडालांच्या घरी टेलिफोन करतो, मी तिथेच राहते ना. आमची तार सामाईक. एका घरी घंटी वाजली की साऱ्या रस्त्याला ऐकू येते, आणि दुसऱ्याचं बोलणं आपण कधीच ऐकत नाही असं इथला प्रत्येक जण शपथेवर सांगतो. म्हणून आर्नी शाळेच्या पुस्तकांचा विक्रेता होतो. "बाई, भूगोलाच्या नव्या आवृत्तीचा विचार केलात का?" म्हणजे तुझी आठवण येते. "गणिताचा दुसरा भाग संपला आहे" म्हणजे या शनिवारी येता येणार नाही. मागच्या गुरुवारी गणिताचा दुसरा भाग संपला होता.

तुझी लाडकी
विल्मा


राजधानी
सोमवार, ७ ऑक्टोबर १९३५

प्रिय विल्मे,

आला तुझा लेख. शुक्रवारी गेला, शनिवारी राज्यातल्या सगळ्या दैनिकांत छापून आला. तुमच्या त्या साप्ताहिकात नेहमीप्रमाणे गुरुवारी येईल.

बाईसाहेब लिहितात कशा ते तुला कधी सांगितलं नाही मी. "मागच्या पायरीवरून" हे नाव काही कवितेसाठी ठेवलेलं नाही. गव्हर्नरांच्या घराच्या मागच्या दारी तीन दगडी पायऱ्या आहेत. मालगाडीतून उतरलेली बेकार माणसं काम मागायला, खायला मागायला तिथेच येतात. बाईसाहेब सकाळी कॉफीचं भांडं घेऊन तिथे बसतात आणि मला सांगतात, लिही. मी एका खुर्चीत, माझा टाइपरायटर दुसऱ्या खुर्चीवर. परवा मधेच एकाला विचारलं, तुझं गाव कुठलं, आणि त्याचं उत्तर ऐकून लेखाचा अर्धा भाग बदलला. गव्हर्नरसाहेब म्हणतात, माझी भाषणं कुणी वाचत नाही आणि हिने मटारच्या शेंगांवर लिहिलं तरी सारं राज्य वाचतं. खरंच आहे ते. पुढे कुणाला कळायचं असेल की आपण या वर्षांत काय खाल्लं, कशाला घाबरलो, तर भाषणं उघडून काही मिळणार नाही.

तुझ्याबद्दलचा भाग खाली उतरवते, कारण कात्रण मी माझ्याकडेच ठेवणार आहे.

"सॉल्टर क्रीकच्या शाळेत दोन मुलींच्या फ्रॉकवर एकच निळी फुलं होती. मी विचारलं, तुम्ही बहिणी का? त्या म्हणाल्या, नाही, आमच्या आया एकाच गिरणीचं पीठ घेतात. पिठाच्या पोत्यांवर आता फ्रॉक शिवता यावेत म्हणून फुलं छापतात हे आमच्या घरातल्या पुरुषांना ठाऊक नाही, पण राज्यातली निम्मी मुलं तीच फुलं घालून शाळेत जातात. तिथल्या शिक्षिका मिस टिस्डेल एका खोलीत आठ इयत्ता शिकवतात. एका मुलाला त्या अपूर्णांक समजावत होत्या, आणि त्याला समजला तेव्हा त्याच्याआधी त्यांचा चेहरा उजळला. अशी माणसं शाळेत आहेत तोवर धूळ किती उडाली तरी मला फार भीती वाटत नाही. तिथे एक नवा स्टोव्हही आहे."

बघितलंस? मिस टिस्डेल. स्पेलिंग मी दोनदा तपासलं. स्टोव्ह शेवटी घातला, नाहीतर तुझे अध्यक्ष उपाशी राहिले असते.

आता डोकं खाली ठेव आणि काम कर. कौतुक झालं की माणूस सैल बोलतो. तू सैल बोलायचं नाहीस.

तुझी
ल्युएलाआत्या


सॉल्टर क्रीक
गुरुवार, १० ऑक्टोबर १९३५

आत्या,

अंक आला. आमच्या साप्ताहिकात, रजिस्टरमध्ये, तुझ्या बाईसाहेबांचा लेख पहिल्या पानावर आहे, आणि त्यात लिहिलंय, "तिथल्या शिक्षिका मिसेस हॉवलंड."

मिसेस हॉवलंड. तुला हे नाव सांगताना मी तुझ्या गळ्यात पडून रडले होते. जगात तिसरं माणूस तू, आणि तो लेख तुझ्या हातून गेला. मला पाठवलेल्या पत्रात मिस टिस्डेल लिहिलंस आणि कागदावर काय टाइप केलंस? की बाईसाहेबांना कॉफी पिता पिता मजा म्हणून सांगितलंस?

मिस्टर स्ट्राउडनी शनिवार, १९ तारखेला दुपारी शाळेत सभा ठेवली आहे. नोटीस चर्चच्या दारावर लावलीय. विषय एकच, माझा.

आज आर्नीचा फोन आला तेव्हा मला भूगोलही सुचला नाही, गणितही नाही. मी म्हटलं, पुस्तकं नकोत, आणि ठेवून दिला.

विल्मा


राजधानी
रविवार, १३ ऑक्टोबर १९३५

विल्मा,

तुझ्या वडिलांनाही असाच आधी राग यायचा आणि मग अक्कल.

सोबत तीन कात्रणं आहेत. एक राजधानीच्या दैनिकाचं, एक नदीपलीकडचं, एक डोंगराकडच्या जिल्ह्याचं. तिन्हींत बघ. मिस टिस्डेल, मिस टिस्डेल, मिस टिस्डेल. टाइपरायटरखालची कार्बनची प्रतही माझ्यापाशी आहे, तुला हवी असेल तर ती फ्रेम करून पाठवते. मिसेस हॉवलंड हे नाव राज्यात एकाच कागदावर छापलंय, आणि तो तुमच्या गावात छापतात. तेव्हा चौकशी तिथे कर.

राग संपला. आता ऐक. काल मी बाईसाहेबांपुढे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तुझं गुपित फोडलं, हे आता माझ्या माथी मार, या वेळी खरं आहे ते. त्यांनी कार्बनची प्रत मागून घेऊन वाचली. मग म्हणाल्या, की आपण खरोखरच मिस टिस्डेल लिहिलं होतं, तेव्हा तेवढंच सांगणारी एक ओळ सदरात घालता येईल. "सॉल्टर क्रीकच्या साप्ताहिकात शिक्षिकेचं नाव चुकीचं छापलं गेलं. मी मिस टिस्डेल असं लिहिलं होतं." यात एक शब्दही खोटा नाही. स्ट्राउडच्या हातातला पुरावा तिथेच संपला. राज्याच्या प्रथम महिलेशी नावावरून वाद घालायची त्याची छाती नाही.

बाईसाहेबांनी मात्र एक अट घातली. तू हो म्हटल्याशिवाय ओळ जाणार नाही. म्हणाल्या, "नाव तिचं आहे, ल्युएला. माझंही नाही आणि तुमचंही नाही." त्यांची ही सवय मला कधीकधी आवडत नाही.

तू हो म्हण. फक्त हो. उरलेलं मी बघते.

आत्या


सॉल्टर क्रीक
बुधवार, १६ ऑक्टोबर १९३५

प्रिय आत्या,

माझं चुकलं. कात्रणं मिळायच्या आधीच मला ते कळलं होतं, आणि तेव्हापासून तोंडाची चव गेली आहे.

सोमवारी शाळा सुटल्यावर लिअँडर गॉफ आले. रजिस्टर त्यांचंच. बातम्या ते आणतात, शिशाच्या अक्षरांचा टाइपही तेच लावतात, छापतातही तेच. दारात टोपी चुरगाळत उभे राहिले. म्हणाले, "बाई, त्या दिवशी मला घाई होती. मी एकीकडे दैनिकातून वाचत होतो आणि हात आपोआप टाइप उचलत होते. शाळेच्या बाईंचं नाव आलं, हातांनी लावून टाकलं. घरी आम्ही तुम्हाला तेच म्हणतो."

मी विचारलं, "आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि मेबल," ते म्हणाले, आणि छताकडे बघायला लागले. मेबल त्यांची बायको. टेलिफोनच्या फळ्यावर बसते, बाहेरगावचा फोन कुणाच्या घरून आला ते विचारून जोडून देते. बेलफोर्टहून येणारा प्रत्येक फोन तिच्या हातातून जातो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. आम्ही पुस्तकं विकत बसलो होतो आणि मेबलला पहिल्या गुरुवारपासून ठाऊक होतं की बोलणारा आर्नी हॉवलंड आहे. मला एका अक्षराने कळू दिलं नाही बिचारीने. नवऱ्याच्या हातांनी घात केला.

आता तुझ्या ओळीबद्दल. आत्या, मी नाही म्हणते.

रागावू नकोस. ती ओळ खरी आहे हे मला कळतं. पण तिचा उपयोग खोट्यासाठीच होणार आहे. शनिवारी मला सगळ्यांसमोर विचारतील, मग मी काय करू? कागद पुढे करून गप्प बसू? माझ्या समोर ती मुलं असतील, ज्यांना मी उत्तर चोरलं म्हणून उभं करते. आणि एक सांगू? तो अंक हातात घेतल्यावर मी घाबरले, तुझ्यावर भडकले, रडले. पण त्याच्याही आधी, अगदी एक क्षणभर, मला आनंद झाला होता. दोन वर्षांत माझं नाव पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलेलं दिसलं. ते चुकीचं आहे असं राज्यभर छापून आणायचं माझ्याच्याने होणार नाही.

रविवारी आर्नी आला होता. त्याला सभेचं सांगितलं. तो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "नोकरी गेली तर आपण दोघं एका घरात राहू, एवढं तरी होईल." मग म्हणाला, "पण तुला शाळा हवी आहे." हवी आहे मला, आत्या. पगारासाठी हवीच आहे, पण तो पगार उद्या कुणी दुसऱ्या कामाचा दिला तरी मला शाळाच हवी आहे.

तुझी
विल्मा


तार
राजधानी, शुक्रवार, १८ ऑक्टोबर

ओळ तयार. अजून वेळ आहे. फक्त हो कळव. मी केलं ते करू नकोस. आत्या


सॉल्टर क्रीक
रविवार, २० ऑक्टोबर १९३५

प्रिय आत्या,

तुझी तार मिळाली. "मी केलं ते" म्हणजे काय, ते तू कधी सांगितलं नाहीस, आता सांगावं लागेल. पण आधी कालची सभा ऐक, आणि बसून ऐक.

शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसली होती. मंडळ तीन जणांचं. मधे स्ट्राउड, एका बाजूला आमचे घरमालक निल्स एकडाल, दुसरीकडे डूई मॅडॉक्स न्हावी. मी स्टोव्हजवळ उभी. आर्नी मागे दाराशी. बेलफोर्टहून मालगाडीने आला होता, हातात टोपी.

स्ट्राउड उठले आणि रजिस्टरचा अंक उघडला. या लेखाचे दहाबारा अंक त्यांनी स्वतः विकत घेतलेत, एक तर कोठीच्या खिडकीत चिकटवलाय, स्टोव्हच्या ओळीखाली लाल पेन्सिल मारून. त्यांनी घसा साफ करून वाचलं, "मिसेस हॉवलंड." मग कागद माझ्यापुढे धरून विचारलं, की हे खरं आहे का.

मी म्हटलं, "खरं आहे. दोन वर्षं झाली. माझा नवरा दाराशी उभा आहे."

सगळे मागे वळले. आर्नी लाल झाला. स्ट्राउडना बहुधा मी नाकारीन असं वाटलं होतं, कारण पुढचं बोलणं जुळवायला त्यांना वेळ लागला. मग ते पुष्कळ बोलले. करार, नियम, विश्वासघात. अशा दिवसांत एका घरात दोन पगार कसे जातात, बाईला पोसायला नवरा असताना तिने नोकरी अडवून का ठेवावी. काही माना हलल्या, आत्या. खोटं कशाला लिहू. काही घरांत एकही पगार नाही आणि त्यांना हे पटणारच.

मी म्हटलं, "मिस्टर स्ट्राउड, तुमच्या हातातला पुरावा कुणी लिहिला?"

"गव्हर्नरच्या पत्नीने," ते म्हणाले. "राज्याच्या प्रथम महिलेने," असंही जोडलं, कारण स्टोव्ह.

"म्हणजे त्यांचं लग्न झालंय."

"अर्थातच."

"नवऱ्याला नोकरी आहे?"

कुणीतरी मागे खुदकन हसलं. डूई न्हाव्याने तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, की वर्तमानपत्रं त्यांना या लिखाणाचे पैसे देतात. लग्न झालेल्या बाईने काम करणं चूक असेल, तर हा कागद लिहिणाराच गुन्हेगार आहे, मग तो पुरावा कसला? आणि तो चालत असेल, तर त्या चालतात आणि मी चालत नाही, हे मुलांना कसं समजावू? फक्त त्यांच्या नवऱ्याची नोकरी मोठी आहे म्हणून?

हशा पिकला. पण हशाने मत बदलत नाही हे मला ठाऊक होतं. स्ट्राउडनी टेबलावर हात आपटला आणि आपलं हुकमाचं पान काढलं. म्हणाले, लग्न एकवेळ सोडा, या बाईंनी दोन वर्षं साऱ्या गावाला फसवलं. "मंडळाला, पालकांना, मला. आम्हाला काय माहीत होतं? काही नाही. अंक हातात पडला तेव्हा कळलं."

फसवलं होतंच ना मी. मान खाली गेली माझी.

तेवढ्यात तिसऱ्या इयत्तेच्या बाकावरून मिसेस स्ट्राउड उठल्या. त्यांना उठायला वेळ लागला, बाक अरुंद आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "हार्लन, मागच्या नाताळात तू रिसीव्हर ठेवलास आणि मला म्हणालास, की त्या पुस्तकवाल्याला खोकला झालाय, बिचारी हॉवलंडबाई काळजीत असेल."

आत्या, साऱ्या माना एकदम स्ट्राउडकडे वळल्या.

तुला कळतंय ना काय झालं ते? इथे एखाद्याला चोर म्हटलेलं चालतं, पण तू तारेवर दुसऱ्याचं ऐकतोस असं म्हणायचं नाही. आणि इथे तर अध्यक्ष, भर सभेत, स्वतःच्या बायकोच्या तोंडून. स्ट्राउडनी अंकाची घडी घातली. कान बीटासारखे लाल.

मग मिसेस एकडाल उठल्या. म्हणाल्या, की आपणही ऐकत होतो, आपल्याच घरचा फोन आहे. गणिताचा दुसरा भाग संपला की त्या शनिवारी ही पोरगी जेवत नाही, म्हणून मी गोड काहीतरी करते. मला आठवलं. खरंच करायच्या. मला वाटायचं शनिवारचा बेतच तो. मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, की माझ्या सगळ्यात आवडीचा भूगोल. मग एकेक जण उठायला लागला. कुणी पहिल्या हिवाळ्यापासून ऐकत होतं, कुणी गायीचं दूध काढणं गुरुवारी लवकर आटपत होतं. दोन वर्षं साऱ्या गावाने माझं गुपित माझ्यापासून लपवून ठेवलं होतं! मला ओशाळं वाटू नये म्हणून. मी स्टोव्हला टेकले आणि रडले, आणि स्टोव्ह पेटलेला होता, तेव्हा लगेच सरळ झाले.

निल्स एकडाल दिवसातून चार शब्द बोलणारा माणूस. तो म्हणाला, "फसवलं कुणी कुणाला, हार्लन? ते कलम काढ." आणि हात वर केला. डूईने दोन्ही हात वर केले, मग एक खाली घेतला. स्ट्राउडनी बायकोकडे बघितलं. एकटा हात खाली ठेवून त्या घरी परत जाणं काही सोपं नव्हतं. तोही वर गेला.

कलम गेलं, आत्या. माझ्यापुरतं नाही, कायमचं. या शाळेत शिक्षिकेने लग्न केलं तर तिला फक्त अभिनंदन मिळेल.

मेबलने त्याच क्षणी जाऊन ती लांब घंटी वाजवली, जी आग लागली की साऱ्या घरांत एकदम वाजते, आणि सभेला न आलेल्यांना निकाल सांगितला. एकाने पाण्याच्या बादल्या आणल्या होत्या.

तुझी
विल्मा


राजधानी
शनिवार, २६ ऑक्टोबर १९३५

प्रिय विल्मा,

पाकीट बघितलंस ना? मिसेस विल्मा हॉवलंड. टाइप केलं नाही, शाईने लिहिलं, आणि मुद्दाम मोठं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग मागच्या पायरीवर नेऊन बाईसाहेबांना वाचून दाखवलं. तिथे एक माणूस सूप पीत बसला होता, तोही थांबून ऐकत होता. निकाल लागला तेव्हा त्याने टाळी वाजवली.

मी काय केलं होतं ते विचारलंस. मीही शिक्षिका होते, विल्मा, तुझ्या जन्माआधी. तुझ्या आतोबांशी लग्न ठरलं तेव्हा मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि खरं सांगून टाकलं. मला वाटलं, इतकं चांगलं शिकवते, मला कोण काढेल? त्यांनी बसूही दिलं नाही. दुपारी मुलं पटांगणात खेळत होती, त्यांच्यामधून माझी पेटी घेऊन मी बाहेर पडले, आणि एकही माणूस उठलं नाही. आतोबा गेल्यावर पोटासाठी टाइप करायला शिकले. हे काम मला आवडतं, पण खडूचा वास आला की मी अजूनही थांबते. म्हणून तुला म्हणत होते, ओळ घे, डोकं खाली ठेव. मला वाटलं तूही तशीच एकटी चालत बाहेर येशील.

माझं गणित चुकलं, आणि चुकल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नाही. तुझ्यासाठी लोक उठले. ते बाकावरून उठले तेव्हा थोडे माझ्यासाठीही उठले, असं मी धरून चालले आहे. तुझी हरकत नसावी.

सदरात ती ओळ गेली नाही, दुसरीच गेली. बाईसाहेबांनी स्वतः सांगितली, मी फक्त बोटं चालवली. खाली देते.

"एका गावच्या सभेत एका शिक्षिकेने विचारलं म्हणे, की हे सदर लिहिणाऱ्या बाईचं लग्न झालंय का. झालं आहे. नवऱ्याला काम आहे का? आहे, पुढच्या निवडणुकीपर्यंत. मग ती का लिहिते? कारण तिला लिहायला आवडतं आणि ते तिला बरं जमतं. त्या शिक्षिकेलाही तिचं काम आवडतं आणि तिला ते माझ्यापेक्षा चांगलं जमतं. राज्यात ज्या ज्या शाळेच्या करारात ते कलम असेल, तिथल्या मंडळाने मला आधी पत्र पाठवून हे सदर बंद करायला सांगावं. मी रोज सकाळी मागच्या पायरीवर असते."

टाइप करताना मी दोन चुका केल्या. डोळ्यांत पाणी होतं. बाईसाहेबांनी नवा कागद दिला.

गव्हर्नरसाहेबांनी सकाळी पेपर वाचला आणि बायकोकडे बघून पॅनकेक संपवला. बोलले काही नाहीत. पुरुषांत ही समज येतेय हळूहळू.

तुझी
ल्युएलाआत्या


सॉल्टर क्रीक
शुक्रवार, १ नोव्हेंबर १९३५

प्रिय आत्या,

पाकीट पोस्टमास्तरांनी खिडकीतूनच मोठ्याने पुकारलं. पूर्ण नाव, दोनदा. मी शेजारीच उभी होते.

तुझ्याबद्दलचं वाचून मी खूप वेळ वर्गातच बसून राहिले. नाताळच्या सुट्टीआधी एक आठवडा रजा काढ आणि इथे ये. मोठ्या मुलांचा व्याकरणाचा तास तू घ्यायचास. निल्स एकडालना विचारलं, ते म्हणाले, "येऊ दे." डूई म्हणतो पेटी उचलायला तो स्टेशनवर येईल. या वेळी पेटी आत येईल, आत्या.

काल गुरुवार. आर्नीचा फोन आला आणि सवयीने म्हणाला, "बाई, भूगोलाच्या नव्या आवृत्तीचा…" आणि तारेवरून कुठल्या तरी घरातून आवाज आला, "अरे, आता तरी सरळ बोल!" मग दुसऱ्या घरातून हसू, मग तिसऱ्या. आर्नी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "विल्मा, मला तुझी आठवण येते." एकेक रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला, खटखट, एका मागोमाग. पहिल्यांदाच तार आमची दोघांची झाली. फक्त एक रिसीव्हर शेवटपर्यंत उचललेला होता. मला श्वास ओळखू आला. मी म्हटलं, "मिस्टर स्ट्राउड, शुभरात्री." मग तोही ठेवला.

कालचं रजिस्टर पाठवते आहे. शेवटच्या पानावर, बियाण्यांच्या जाहिरातीखाली बघ. लिअँडरनी या वेळी घाई न करता, एकेक अक्षर बघून लावलंय म्हणे.

"खुलासा: दहा ऑक्टोबरच्या अंकात पहिल्या पानावर शाळेच्या शिक्षिकेचं नाव मिसेस हॉवलंड असं छापलं होतं. ते बरोबर आहे."

तुझी
मिसेस विल्मा हॉवलंड